समुद्र नसलेल्या मराठवाड्यात बसून फ्रेंच आरमारी अधिकाऱ्याची कारकीर्द कशी वाचायची

इतिहासाचे विद्यार्थी, शाळा कॉलेजातले सर-मॅडम, व्याख्यानमालेत तासभर बोलायचं ठरवलेले लोक, सगळ्यांसाठी हे लिहितोय. विषय जरा लांबचा वाटेल, अठराव्या शतकातला फ्रेंच आरमारी अधिकारी, आणि आपण राहणार लातूर-नांदेड-परभणीकडं जिथून समुद्र बघायचा तर रात्रभर प्रवास. पण विषय वाटतो तितका लांबचा नाही आणि तो नीट वाचायची एक पद्धत आहे, ती जमली की कुठल्याही अधिकाऱ्याला लावता येते. मी इथं एकच माणूस घेणार आहे, पिएर आंद्रे द सुफ्रेन. जन्म १७ जुलै १७२९, प्रोव्हान्समधल्या सँ-कानाला, मृत्यू ८ डिसेंबर १७८८ ला पॅरिसमध्ये. त्याच्या नावाची अणुपाणबुडी फ्रेंच नौदलानं २०२० साली ताब्यात घेतली म्हणजे तिकडं त्याचं नाव अजून चालतंय. आपल्याकडं मात्र तो हैदर अलीच्या प्रकरणात दोन ओळीत येऊन जातो, आणि हे मला मनापासून खटकतं, कारण त्याच्या कारकिर्दीचा सगळ्यात मोठा भाग आपल्याच देशाच्या किनाऱ्यावर घडलाय.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. लढायांपासून सुरुवात करायची नाही. बहुतेक लोक तिथंच अडकतात, कोण जिंकलं कोण हरलं, किती तोफा, आणि मग सगळ्या लढाया सारख्याच वाटायला लागतात. आरमारी माणसाचं आयुष्य बहुतांशी वाट बघण्यात, बढतीच्या रांगेत, पाणी भरण्यात आणि मोडलेलं लाकूड जोडण्यात जातं. ते आधी वाचा, लढाया आपोआप समजतात.

तर पहिलं काम, एक मोठा कागद घ्या नाहीतर एक्सेल उघडा आणि दोन रकाने करा. डावीकडं अधिकाऱ्याचं आयुष्य, उजवीकडं आपल्याकडं त्याच सुमारास काय चाललं होतं ते. हे नुसतं सजावटीसाठी नाही, तारखा डोक्यात बसायला याच्यासारखा उपाय नाही. सुफ्रेनचंच बघा. त्याच्या जन्माच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी १७२८ ला, वैजापूरकडच्या पालखेडला बाजीरावानं निजामाला कोंडीत पकडलं होतं. आणि ज्या जुलै १७२९ मध्ये हा जन्मला त्याच महिन्याच्या सुरुवातीला, ४ जुलैला, कान्होजी आंग्रे वारले. पुढं १७५६ घ्या, फेब्रुवारीत विजयदुर्गला तुळाजी आंग्र्यांचं आरमार इंग्रजांनी जाळलं, आणि त्याच वर्षी २० मे ला भूमध्य समुद्रात मिनोर्काच्या लढाईत सुफ्रेन ‘ऑर्फे’ जहाजावर इंग्रजांशी लढत होता. एकाच वर्षात इंग्रज आरमार कोकणातही आहे आणि मिनोर्कालाही, ही गोष्ट दोन रकाने शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही.

तारखा भरताना एक मोठा खड्डा आहे तो आधीच सांगतो. इंग्लंडनं १७५२ पर्यंत जुनं कॅलेंडर वापरलं, फ्रान्स त्याच्या कितीतरी आधीपासून नव्या कॅलेंडरवर होतं, आणि दोन्हीत ११ दिवसांचा फरक. म्हणून तुलाँची लढाई फ्रेंच पुस्तकात २२ फेब्रुवारी १७४४ आणि इंग्रजी पुस्तकात ११ फेब्रुवारी अशी सापडते, दोन वेगळ्या लढाया नाहीत त्या. १७४७ ची फिनिस्टरची दुसरी लढाई तशीच, एकीकडं १४ ऑक्टोबर, दुसरीकडं २५. दुसरं म्हणजे त्या काळी इंग्रज जहाजाच्या रोजनिशीत दिवस मध्यरात्री नाही तर दुपारी बारा वाजता बदलायचा, त्यामुळं दुपारनंतरची गोष्ट रोजनिशीत पुढच्या तारखेला लिहिलेली असते. हे माहीत नसलं की माणूस उगाच लेखकाला चूक ठरवत बसतो.

आता बढतीची शिडी. हीच खरी कारकीर्द. फ्रेंच आरमारात खानदानी घरचा पोरगा ‘गार्द द ला मरीन’ म्हणून भरती व्हायचा, मग एनसेन, मग लेफ्टनंट, पुढं फ्रिगेटचा म्हणजे लहान, वेगवान लढाऊ जहाजाचा कप्तान, मग मोठ्या लढाऊ जहाजाचा कप्तान, त्याच्यावर शेफ देस्काद्र म्हणजे पथकाचा प्रमुख, मग लेफ्टनंट जनरल आणि सगळ्यात वर व्हाइस ॲडमिरल. सुफ्रेन १७४३ मध्ये तुलाँला भरती झाला तेव्हा चौदाचा होता. फ्रिगेटचा कप्तान झाला १७६७ ला, मोठ्या जहाजाचा कप्तान १७७२ ला. म्हणजे भरतीपासून तिथं पोहोचायला २९ वर्षं! आणि मग शेफ देस्काद्र १७८२, लेफ्टनंट जनरल १७८३, व्हाइस ॲडमिरल १७८४. हे आकडे एका रेघेवर मांडले की चित्रच समोर येतं, तीस वर्षं जवळपास सपाट चाललेली रेघ आणि शेवटच्या दोन-अडीच वर्षांत उभी चढण. मग प्रश्न स्वतःहून पडतो की त्या सपाट वर्षांत हा काय करत होता, आणि उत्तर शोधायला लागलं की कारकीर्द वाचायला मजा येते.

सपाट वर्षांत तो दोनदा इंग्रजांच्या कैदेत गेला. पहिल्यांदा १७४७ ला फिनिस्टरच्या लढाईत, इंग्रज ॲडमिरल हॉकनं फ्रेंच पथक मोडलं तेव्हा. दुसऱ्यांदा ऑगस्ट १७५९ मध्ये पोर्तुगालच्या लागोसजवळ, ‘ओसेआं’ या जहाजावरून, इंग्रज ॲडमिरल बॉस्कॉवेनच्या हातात. मधल्या शांततेच्या काळात, १७४८ नंतर, तो माल्टाच्या सरदारांच्या पंथात शिरला आणि त्यांच्या गलबतांवर भूमध्य समुद्रात फिरत राहिला. हे माल्टा प्रकरण वगळू नका. राजाच्या आरमारात युद्ध नसलं की जहाजं बंदरात बांधून पडायची आणि तरुण अधिकाऱ्याला समुद्राची सवय राहायची नाही, प्रोव्हान्सच्या धाकट्या मुलांना माल्टा म्हणजे शांततेतही समुद्रावर राहायची सोय होती. त्या पंथाची पायरी वेगळी, शेव्हालिए, मग कोमांदर, मग बायी, म्हणून एकाच माणसाच्या नावापुढं वेगवेगळ्या कागदात वेगवेगळी बिरुदं दिसतात. सुफ्रेन शेवटी ‘बायी द सुफ्रेन’ म्हणून प्रसिद्ध झाला. शोधताना ही सगळी रूपं टाकून शोधा नाहीतर अर्धे कागद निसटतील.

आणखी एक, अधिकाऱ्यांमध्ये जात होती म्हणा. खानदानी घरचे, गार्दमधून आलेले ते ‘लाल’, आणि व्यापारी जहाजावरून युद्धापुरते घेतलेले ते ‘निळे’, गणवेशाच्या रंगावरून. लाल लोकांना निळ्यांबद्दल काय वाटायचं ते सांगायला नको, आपल्याला ही गोष्ट समजावून घ्यायला वेळ लागत नाही. कुठलाही अधिकारी वाचताना हा लाल का निळा हे पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता जहाज. माणसाच्या मागं नका लागू, जहाजाच्या मागं लागा. माणसाची पत्रं हरवतात, पण जहाज कुठल्या तारखेला कुठून निघालं, कुठं पोहोचलं, किती तोफांचं होतं, हे कुठं ना कुठं लिहिलेलं असतं. सुफ्रेनकडं १७७८ ला ‘फँतास्क’ होतं, ६४ तोफांचं, फ्रेंच ॲडमिरल देस्तँच्या ताफ्याबरोबर अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, त्यावरच त्यानं ६ जुलै १७७९ ला ग्रेनाडाची लढाई लढली. १७८१ पासून ‘एरो’, ७४ तोफांचं. फ्रेंच चौऱ्याहत्तर तोफांच्या जहाजाचा हिशोब एकदा समजून घ्या, पुढं कामाला येतो. खालच्या मजल्यावर ३६ पौंडी २८ तोफा, वरच्यावर १८ पौंडी ३०, आणि अगदी वर ८ पौंडी १६, झाल्या ७४. फ्रेंच पौंड हा इंग्रजी पौंडापेक्षा थोडा जड, जवळपास ४९० ग्रॅम, म्हणजे खालच्या तोफेचा एक गोळा साडेसतरा किलोच्या पुढं. लांबी फ्रेंच फुटात दिलेली असते, तो फूट ३२.५ सेंटीमीटरचा. हे बदलून घेतलं नाही तर इंग्रज आणि फ्रेंच जहाजांची तुलना चुकतेच.

नकाशाचंही तसंच. त्या काळचे फ्रेंच नकाशे रेखांश पॅरिसपासून मोजायचे, ग्रीनिचपासून नाही, आणि पॅरिस ग्रीनिचच्या २ अंश २० मिनिटं पूर्वेला. म्हणजे आपल्याकडचं कुठलंही ठिकाण फ्रेंच नकाशावर तेवढ्या कमी रेखांशावर दिसेल. तमिळनाडूतलं कडलूर आज साधारण ७९ अंश ४५ मिनिटं, फ्रेंच नकाशावर ७७ अंश २५ च्या आसपास. हा आकडा न बदलता आजच्या नकाशावर ठेवला तर सुफ्रेनचं बंदर आपल्या नांदेडच्या रेखांशाजवळ येऊन पडेल. म्हणून नियम साधा, फ्रेंच आकड्यात २ अंश २० मिनिटं मिळवा.

आता पाणी, आणि इथं मराठवाड्याच्या माणसाला कोणी शिकवायची गरज नाही. चौऱ्याहत्तर तोफांच्या जहाजावर सातशेच्या आसपास माणसं असायची. माणशी फक्त तीन लिटर धरा, स्वयंपाक-पिणं सगळं त्यातच, तरी रोजचे २१०० लिटर, तीन महिन्यांना १ लाख ८९ हजार. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली त्यात दहा वॅगनमध्ये मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं, म्हणजे तसल्या जवळपास चार वॅगन एका जहाजाच्या पोटात, लाकडी पिंपात, तेही एकाच जहाजाचं झालं, आणि सुफ्रेनकडं अशी मोठी जहाजं एका वेळी डझनभर. कुठलाही आरमारी प्रवास वाचताना हा हिशोब समोर ठेवा. जहाज अमुक ठिकाणी का थांबलं याचं उत्तर दहातल्या सात वेळा पाणी, नाहीतर स्कर्व्ही (ताजी फळं-भाज्या न मिळाल्यानं होणारा आजार) झालेल्या माणसांना जमिनीवर उतरवून ताजं अन्न द्यायला.

याच चष्म्यातून १७८१ चा प्रवास बघा. सुफ्रेन २२ मार्च १७८१ ला ब्रेस्टहून निघाला, पाच मोठी जहाजं घेऊन, काम असं की केप ऑफ गुड होप इंग्रजांच्या हाती पडू द्यायचं नाही. तिकडंच निघालेला इंग्रज कमोडोर जॉन्स्टन केप व्हर्ड बेटांवरच्या पोर्तो प्रायाला पाणी भरायला थांबला होता. सुफ्रेनही तिथं आला तो पाण्यासाठीच. १६ एप्रिलला समोर इंग्रज ताफा नांगर टाकून उभा दिसला आणि यानं सरळ बंदरात घुसून हल्ला केला. बंदर पोर्तुगालचं, म्हणजे तटस्थ देशाचं, हे कायद्यात बसणारं नव्हतं आणि ते लपवायचं कारण नाही. हल्ला विस्कळीतच झाला, पाचातलं एक ‘अनिबाल’ तेवढं त्याच्या बरोबरीनं नीट लढलं, त्याच्या सगळ्या डोलकाठ्या गेल्या, ‘अनिबाल’ आणि ‘आर्तेसियँ’ दोन्हींचे कप्तान मारले गेले. लढाई म्हणून बघितलं तर फार काही नाही. पण जॉन्स्टनला उशीर झाला, सुफ्रेन आधी केपला पोहोचला, केप वाचलं. कारकीर्द वाचताना प्रत्येक लढाईपुढं दोन प्रश्न लिहा, त्या दिवशी कोण जिंकलं, आणि तीन महिन्यांनी कोणाचं काम झालं. दोन्हीची उत्तरं वेगळी आली की समजा इथं थांबून वाचायला पाहिजे.

तिथून तो मॉरिशसला, तेव्हाचं ईल द फ्रांस, २५ ऑक्टोबर १७८१ ला पोहोचला. तिथला वरिष्ठ होता दोर्व्ह. ताफा डिसेंबरात भारताकडं निघाला, दोर्व्ह आजारी, ९ फेब्रुवारी १७८२ ला समुद्रावरच गेला, आणि ५२ वर्षांच्या सुफ्रेनच्या हातात पहिल्यांदा अख्खा ताफा आला. ते शिडीवरचं उभं चढण इथून सुरू होतं.

यापुढचं वाचायच्या आधी वाऱ्याचं कॅलेंडर भिंतीला लावा, हे मी हात जोडून सांगतो. जो नैर्ऋत्य वारा जूनमध्ये आपल्या ज्वारी-सोयाबीनच्या पेरण्या ठरवतो तोच कोरोमंडल किनाऱ्यावर जमिनीकडून समुद्राकडं वाहतो, त्या महिन्यांत जहाजं किनाऱ्याजवळ नांगर टाकून उभी राहू शकतात. ऑक्टोबर लागला की वारा फिरतो, ईशान्येकडून समुद्र थेट किनाऱ्यावर येतो, वादळं होतात, आणि मद्रास, कडलूर, पाँडिचेरी कुठंच मोठ्या जहाजांना आडोसा देणारं बंदर नाही. त्या बाजूला खरं बंदर एकच, श्रीलंकेतलं त्रिंकोमाली. आणि गोदी, जिथं जहाज कोरडं करून दुरुस्त करता येतं, ती इंग्रजांकडं होती मुंबईत, १७५० च्या दशकात बांधलेली. फ्रेंचांकडं भारतात काहीच नव्हतं. पाँडिचेरी १७७८ मध्येच इंग्रजांनी घेतलेली. हे एवढं वाक्य डोक्यात ठेवून पुढच्या लढाया वाचा, एक फ्रेंच ताफा, ज्याला बंदर नाही, गोदी नाही, आणि मॉरिशस दोन हजार मैलांच्या पलीकडं.

लढाया पाच, समोर प्रत्येक वेळी तोच इंग्रज ॲडमिरल, एडवर्ड ह्यूज. सद्रास, म्हणजे आजच्या कल्पक्कमजवळ, १७ फेब्रुवारी १७८२. प्रोव्हिडियन, श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्याला, १२ एप्रिल. नागपट्टिनम, ६ जुलै. त्रिंकोमाली, ३ सप्टेंबर. आणि कडलूर, २० जून १७८३. पाच लढायांत दोन्ही बाजूंचं एकही मोठं लढाऊ जहाज बुडालं नाही की शत्रूच्या हाती लागलं नाही. हे वाचून काही लोक म्हणतात मग यात मोठं काय. मोठं हे की नागपट्टिनमच्या लढाईनंतर मोडक्या जहाजांनिशी तो कडलूरला आला, लहान जहाजांच्या डोलकाठ्या काढून मोठ्यांना लावल्या, जे मिळालं त्यातून दोर-शिडं जमवली, आणि ऑगस्ट संपायच्या आत जाऊन त्रिंकोमाली जिंकून घेतलं. ह्यूज मद्रासला दुरुस्ती करत होता, तो पोहोचला तेव्हा किल्ल्यावर फ्रेंच निशाण होतं. म्हणजे आठ आठवड्यांत हरल्यासारखी लढाई आणि बंदराचा ताबा, दोन्ही. मला विचाराल तर अख्ख्या कारकिर्दीतलं सगळ्यात भारी पान हेच आहे, तोफांचं नाही, सुतारकामाचं.

त्या उलट, त्यानंतरच्या दिवसांत काय झालं तेही लिहा. ३ सप्टेंबरच्या लढाईत ‘एरो’ एकटं पडलं, मोठी डोलकाठी कोसळली. आणि शत्रूनं जे केलं नाही ते खडकांनी केलं, ७ सप्टेंबरला ‘ओरिआं’ त्रिंकोमालीला आपटून गेलं, ऑक्टोबरच्या सुरुवातीला ‘बिझार’ कडलूरला. दोन मोठी जहाजं, दोन्ही जहाज हाकण्याच्या चुकीनं. हिवाळ्यात ह्यूज मुंबईच्या गोदीत गेला आणि सुफ्रेन, कारण त्याला गोदीच नव्हती, सुमात्रातल्या आचेला जाऊन राहिला.

कप्तानांशी त्याचं जमायचं नाही, याच्यावर एक वेगळं पान करा, कारण इथं वाचणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो कप्तान नालायक होते, खानदानाच्या जोरावर चढलेले, लढाईत मागं रेंगाळायचे. दुसरा म्हणतो हाच चिडका, आपल्या मनात काय आहे ते कप्तानांना नीट सांगायचा नाही, आणि मग त्यांनी समजून घेतलं नाही म्हणून आरडाओरडा. मला दोन्हीत तथ्य दिसतं पण जास्त वजन दुसऱ्या बाजूला पडतं, कारण तीच तक्रार पोर्तो प्रायापासून त्रिंकोमालीपर्यंत दरवेळी येते, माणसं बदलली तरी. नागपट्टिनमला ‘सेव्हेर’ च्या कप्तानानं, सियार नावाच्या, चक्क निशाण खाली उतरवलं होतं आणि त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांनी ते परत चढवून लढाई चालू ठेवली, ह्यूजनं नंतर त्या जहाजावर हक्कही सांगितला. असली घटना आली की दोन्ही बाजूंची पत्रं शेजारी ठेवा. एकट्या फ्रेंच बाजूवर विश्वास नको, एकट्या इंग्रज बाजूवर तर नकोच.

आणि जे वाईट ते वाईटच लिहायचं. १७८२ च्या उन्हाळ्यात त्याच्याकडं इंग्रज कैदी होते, त्यांना खायला घालायची सोय नव्हती, अदलाबदलीचं इंग्रजांशी जमलं नाही, आणि यानं ते कैदी हैदर अलीच्या ताब्यात देऊन टाकले. त्या कैद्यांचे हाल झाले. ज्याला आपण आवडीनं वाचतो त्याचं असलं पान चाळून पुढं जाऊ नये.

हैदरची भेट जुलै १७८२ च्या अखेरीस झाली, कडलूरजवळ. सुफ्रेन लई जाडा माणूस, मांडी घालून बसता येईना, तेव्हा हैदरनं उशा आणवून ऐसपैस बसायला सांगितलं असं सांगतात. भाषणात ही गोष्ट सांगा, लोक लक्षात ठेवतात, पण तिच्या लगेच पुढं हे सांगा की त्याच वर्षी १७ मे ला, म्हणजे प्रोव्हिडियन आणि नागपट्टिनमच्या मधल्या काळात, सालबाईला महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीनं मराठे-इंग्रज तह झाला होता आणि नाना फडणवीसांनी त्याला पक्की मान्यता द्यायला कितीतरी महिने लावले. उजवा रकाना इथं जिवंत होतो. पुण्यात नाना थांबून बघतायत, तमिळ किनाऱ्यावर फ्रेंच ताफा टिकतो का, हैदर टिकतो का. हैदर ७ डिसेंबर १७८२ ला गेला.

मग येतो तो माणूस ज्याच्यामुळं हा विषय आपला आहे, फ्रेंच सेनानी बुसी. मार्च १७८३ मध्ये फ्रेंच फौज घेऊन तो कडलूरला उतरला, म्हातारा, संधिवातानं जखडलेला. हाच बुसी १७५१ मध्ये निजाम सलाबतजंगाला घेऊन औरंगाबादेत आला होता, आणि त्याच्या वेळच्या कवायती पद्धतीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी ३ फेब्रुवारी १७६० ला उदगीरला सदाशिवरावभाऊंच्या बाजूनं निजामावर तोफा चालवत होता. त्याच्या दोनच आठवडे आधी, २२ जानेवारीला, स्वतः बुसी तमिळनाडूतल्या वांदिवाशला इंग्रजांच्या हाती सापडला होता. उदगीरचा किल्ला बघताना ही दोन नावं शेजारी घ्या. तर १७८३ मध्ये हा बुसी कडलूरमध्ये इंग्रज फौजेच्या वेढ्यात आणि त्याला सोडवायला सुफ्रेन. फ्रेंच १५ जहाजं, इंग्रज १८. खलाशी इतके कमी की बुसीच्या फौजेतली सुमारे १२०० माणसं जहाजांवर चढवली, त्यात हिंदी शिपाईसुद्धा होते. फ्रेंच ॲडमिरल द ग्रास आदल्या वर्षी वेस्ट इंडिजमध्ये पकडला गेल्यामुळं राजाचा हुकूम आला होता की प्रमुखानं फ्रिगेटवरून हुकूम द्यायचे, म्हणून सुफ्रेन यावेळी ‘क्लेओपात्र’ वर. २० जूनला लढाई झाली, ह्यूजच्या ताफ्यातही स्कर्व्हीनं माणसं पडलेली, तो मद्रासला निघून गेला, समुद्राची बाजू मोकळी झाली.

आणि २९ जूनला बातमी आली की युरोपात तह झालाय. प्राथमिक तह २० जानेवारीचाच! म्हणजे पाच महिने आधीच युद्ध संपलेलं. म्हणून तुमच्या कागदावर तिसरा एक बारीक रकाना लागतो, बातमी कधी कळली. अधिकाऱ्यानं अमुक निर्णय का घेतला हे ठरवताना त्या तारखेला त्याला काय माहीत होतं एवढंच धरायचं. बढतीही तशीच, शेफ देस्काद्र झाल्याचा कागद फ्रान्समध्ये निघाला कधी आणि हातात पडला कधी यात समुद्र आडवा असतो.

परतीचा भाग थोडक्यात उरका. केपला इंग्रज कप्तान, जे कालपर्यंत तोफा डागत होते, स्वतःहून त्याला भेटायला आले आणि त्याला त्याचं सगळ्यात जास्त समाधान वाटलं. मार्च १७८४ ला तुलाँ, मग दरबारात मान, आणि त्याच्यासाठी म्हणून चौथी व्हाइस ॲडमिरलची जागा काढली, तो असेपर्यंतच राहील अशी. डिसेंबर १७८८ मध्ये तो गेला, मृत्यूबद्दल द्वंद्वयुद्धाची एक कथा फिरते, तिला कथेइतकीच जागा द्या.

शोधायचं कुठं, तर घरबसल्या सुरुवात गॅलिकापासून करा, फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची साइट, फुकट आहे, जुने नकाशे आणि छापील पत्रव्यवहार तिथं आहेत. फ्रेंच येत नसेल तर मोबाइलचं भाषांतर पहिल्या चाळणीपुरतं चालतं, पण ज्या वाक्यावर तुमचा मुद्दा उभा आहे ते फ्रेंच जाणणाऱ्याकडून तपासून घ्याच. मूळ कागद पॅरिसच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, ‘मरीन’ या विभागात, त्यात बी ४ म्हणजे मोहिमा आणि सी ७ म्हणजे एकेका अधिकाऱ्याची फाइल, तळटिपांत हे खूण-आकडे दिसले की ओळखा. उजव्या रकान्यासाठी पुण्याचं पेशवे दफ्तर. पाँडिचेरीला गेलात तर तिथली फ्रेंच इन्स्टिट्यूटची लायब्ररी बघा, १९५५ पासूनची आहे.

एवढं झालं की दुसरा अधिकारी निवडा, मी म्हणेन मुद्दाम एखादा निळा घ्या, नाव नसलेला, कधीच शेफ देस्काद्र न झालेला, आणि त्याच दोन रकान्यांत, त्याच वारा-पाणी-बातमीच्या हिशोबानं बसवा. सुफ्रेनवर हात बसला असेल तर त्याची फाइल चार पानांची असली तरी पुरते.